डोंगराला इस्त्री

दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्याने कधी डोंगराचा फोटो काढून चार चित्रकारांना ऑनलाइन दाखवलेला नसावा. आम्हा पोतवाल्यांचे, म्हणजे अतिवास्तववादी चित्रांवर हाताला लागतील असे उंचवटे उभारणाऱ्यांचे, डोंगर जेमतेम पाच मिलिमीटर उंच असतात. मॉडेलिंग पेस्टचे कडे, त्यावर वाळू, वाळूत कमरेपर्यंत रुतलेली घड्याळाची चक्रं, डोळ्याच्या जागी कुलूप आणि कुलपातून डोकावणारा कान. चित्र समोर असेल तर माणूस आधी बोट फिरवतो आणि मग विचारतो, "हात लावला तर चालेल ना?" स्क्रीनच्या पलीकडच्या माणसाला ती सोय नाही. त्याला जे काही चाचपायचं ते सावलीनेच. आणि फोन नावाच्या प्राण्याला सावली दिसली की कपाळशूळ उठतो.

तशी कटकट डोंगर उभारण्यापासूनच असते. मॉडेलिंग पेस्ट म्हणजे अॅक्रिलिकच्या चिकात कालवलेली संगमरवराची भुकटी. पाणी उडालं की ती आकसते. थर जाड असला तर वरची साय आधी सुकते, पोट ओलंच राहतं आणि मग भेगा पडतात. म्हणून एका वेळी तीन मिलिमीटर पुरे, पुढचा थर दुसऱ्या दिवशी, आणि पंखा बंद. खाली कॅनव्हास नको, कडक फळी हवी. कॅनव्हास जरा लवला की कडे सुटून येतात. एवढं करूनही भेग पडलीच तर चित्राला 'अबोध मनाचा तडा' असं नाव द्यावं. निसर्गचित्रवाल्यांना ही सवलत नाही.

लोखंडी चक्रं पाण्याच्या रंगात तशीच रोवली की काही दिवसांत गंजाचे तपकिरी ओघळ वर येतात. त्यांना आधीच सगळीकडून, खालूनसुद्धा, वॉर्निश लावून वाळवावं. कुलपाचं वजन मात्र गोंदावर सोडू नये. फळीला दोन भोकं पाडून मागून तार पिळावी.

आता फोटो. फ्लॅश आधी बंद, कारण तो लेन्सच्या शेजारूनच पडतो आणि सगळ्या सावल्या उंचवट्यांच्या पाठीमागे लपतात. चित्रांच्या फोटोसाठी सर्रास सांगतात की दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दोन दिवे लावा. सपाट चित्राला उत्तम सल्ला. आपल्या चित्रात मात्र हा दिवा त्याची सावली खातो, तो याची, आणि डोंगराला कडक इस्त्री होते. आपल्याला एकच दिवा हवा, बाजूने, चित्राच्या पृष्ठभागाशी पंधरा-वीस अंश करून. तो चित्राच्या रुंदीच्या दुप्पट तरी अंतरावर असावा, नाहीतर जवळची कड भाजते आणि पलीकडची अंधारात जाते. दिव्याच्या समोर, चित्राच्या पलीकडच्या कडेला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की सावल्या काळ्याकुट्ट न होता उघडतात. दिवा फार खाली आणला, पाच अंशांवर, की वाळूचे कण धोंडे होतात आणि ब्रशचा अडकलेला एक केस नदीसारखा वळणं घेत जातो. म्हणून आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. दरवेळी. हो, दरवेळी.

दिवा वरच्या डाव्या अंगाला ठेवावा. उजेड वरूनच येणार असं आपला मेंदू गृहीत धरून बसलेला असतो. तो खालून आला की उंचवटे खड्डे दिसतात आणि नाकाची विहीर होते. अतिवास्तववादी चित्राला काय फरक पडतो, असं कोणी म्हणेल. पडतो! चकवा आपण रचलेला असावा, टेबललॅम्पने नव्हे.

फोनचं एचडीआर बंद करावं, ते सावल्या उचलून उजळवतं. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती हळवा ते, 100 च्या आसपास, फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर, टायमर दोन सेकंदांचा. उजेड कमी पडला की फोन आयएसओ चढवतो, त्यातून दाणे येतात, मग ते दाणे तो पुसतो आणि जाता जाता आपली वाळूही पुसतो. किती हा स्वच्छतेचा सोस! जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलेला चौकोन पोट सुटल्यासारखा दिसतो, म्हणून दीड-दोन मीटर मागे सरावं आणि दुसरी, लांबची लेन्स असेल तर ती वापरावी. खोलीतले बाकीचे दिवे बंद, नाहीतर अर्धं चित्र पिवळं आणि अर्धं हिरवट.

चकाकणारं वॉर्निश असेल तर लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक गाळणारी काच, फिरवून ती मारता येते. सोन्याच्या वर्खावर त्याचं फारसं चालत नाही. हट्टाने दिव्यालाही पोलरायझर लावून आडवा-उभा मेळ घातला, तर वर्ख काळवंडतो आणि सगळं चित्र वाळक्या मातीसारखं दिसतं. थोडी चमक राहू द्यावी असं माझं मत.

अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टचा मला इथे खरा हेवा वाटतो. 1925 मध्ये त्याने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि त्या पद्धतीला फ्रोताज म्हटलं. म्हणजे त्याचा पोत जन्मतःच सपाट! त्याच पंथातल्या मेरेट ओपेनहाइमने 1936 मध्ये कप, बशी आणि चमचा फरने मढवला. त्याचा फोटो कसाही काढा, जिभेवर केस येतातच. कुलपातल्या कानाचं तसं नाही.

यानंतर जेपीईजी. फोटो दाबून साठवायची ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि जागा वाचवताना बारीक तपशील आधी फेकते. निरभ्र आकाश सुखरूप पोहोचतं, वाळूचं पीठ होतं. म्हणून मोठी फाइल अॅपच्या हाती न देता लांबी-रुंदी स्वतःच कमी करावी, रंग एसआरजीबीत, म्हणजे बहुतेक स्क्रीनना कळणाऱ्या रंगपद्धतीत, ठेवावेत आणि धार (शार्पनिंग) त्यानंतर लावावी, तीही चिमूटभर. एकेकट्याला मेसेजवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.

एकाच फोटोवर भागत नाही. एक पूर्ण, एक जवळून, एक कडेने तिरका आणि एक पट्टी शेजारी ठेवून. मजकुरात उंची-रुंदीबरोबर जाडीही लिहावी, नाहीतर "कुठलं सॉफ्टवेअर?" हा प्रश्न ठरलेला. त्यावर उतारा दहा सेकंदांच्या व्हिडिओचा: कॅमेरा जागेवर, खोली अंधारी, आणि टॉर्च चित्राच्या कडेने अर्धवर्तुळात हळू फिरवायची. सावल्या लोळतात, डोंगर उठून बसतात. 2001 साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेने जवळपास हीच युक्ती गणितात बसवली. कॅमेरा स्थिर ठेवून, दरवेळी दिवा हलवून पुष्कळ फोटो घ्यायचे आणि मग उजेड संगणकावरच हवा तिथे न्यायचा. संग्रहालयं असे कोरीव लेख वाचतात. आपल्याला टॉर्च पुरते.

एवढ्या खटाटोपानंतर 'छान' येतं, अंगठा येतो, 'अर्थ काय?' येतं. मला यातलं काहीच नको असतं. वाळू स्क्रीनवर पडली असं वाटून कोणीतरी फोन सदऱ्याला पुसावा, एवढीच माझी अपेक्षा असते.