"काही होत नाही गं" म्हणणाऱ्यांसाठी

घरात कुणी विजेला घाबरलं की एक तरी शहाणा म्हणतोच, "काही होत नाही गं!" मला हे ऐकलं की चीड येते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं कुणी सांगितलं, तर आधी मेन बंद करायचा असतो, तिची समजूत नंतर.

आम्ही चौघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा माझा एकटीचा, त्यामुळे तक्रार खातं माझ्याकडे. पावसाळ्यात आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी ट्रिप व्हायला लागली आणि घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे घर बदलू, दुसरी म्हणे ती कटकट काढूनच टाक. दोघींना डीबीसमोर, म्हणजे हे सगळे स्विच असतात त्या मेन बोर्डासमोर, उभं केलं. म्हटलं, ही 16 अँपियरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायर वाचवते, तुम्हाला नाही. माणूस जायला त्या करंटचा शंभरावा हिस्साही पुरतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, 30 मिलीअँपियरची तूट पडली, की ही दुसरी, आरसीसीबी, खाली पडते. म्हणजे ती पडतेय ते तुमच्यासाठीच.

मग सगळे प्लग काढले, ती वर केली आणि एकेक प्लग लावत गेलो. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला खट्ट! मागून पावसाची झड लागत होती. घर बदलायला निघालेली आता दर महिन्याला आरसीसीबीवरचं 'टी'चं, म्हणजे टेस्टचं, बटण स्वतः दाबते, न सांगता दाबते, आणि आम्ही अंधारात ओरडतो.

पण त्या बटणाने अर्थिंग कळत नाही, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीलाही पत्ता लागत नाही. हेही सांगितलं. तेव्हा लायसनवाला वायरमन बोलावला. त्याने गिझरचा बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर मागे नुसती गुंडाळून ठेवलेली, पिनला जोडलेलीच नाही. आणि हा 2000 वॅटचा गिझर! (आधीच्या भाडेकरूंनी तो 6 अँपियरच्या एक्स्टेंशनवर चालवला होता, काळा पडलेला बोर्ड माळ्यावर सापडला.) एमसीबी सारखी पडते म्हणून 16 च्या जागी 32 ची बसवून देणारेही महाभाग असतात. मग वायरच फ्यूज होते, भिंतीच्या आत.

मालकांचं म्हणणं, इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. वायरमनचे पैसे आम्ही भाड्यातून वळते केले आणि पावती त्यांना पाठवली. निळी टिक आलीय, उत्तर नाही.