‘दहा हजारांत मसाला उद्योग’: फिरत्या मेसेजला एका चटणीवालीचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला सात जणींनी पाठवला. त्यात माझी सख्खी जाऊही आली. वर मोठ्या अक्षरांत ‘दहा हजारांत घरबसल्या मसाला उद्योग, सहा सोप्या पायऱ्या’, मध्ये फुलं, तळाशी ‘दहा गरजू भगिनींना पाठवा’. पायऱ्या थोडक्यात अशा: लिज्जत 80 रुपयांत सुरू झाली, मग तुम्ही का नाही, आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, घरगुती धंद्याला परवाना लागत नाही, ‘उद्यम’ सर्टिफिकेट पुरे, ते आम्ही 2,999 रुपयांत काढून देऊ, 40 लाखांपर्यंत जीएसटीचा संबंध नाही, मुद्रा कर्ज विनातारण, बिनव्याजी, वर 35 टक्के सरकार भरतं, किलोला 300 खर्च, 600ला विक्री, महिन्याला 100 किलो, म्हणजे 30 हजार सुटले.

मी कागलला नऊ वर्षं चटणी करून विकते. (कांदा-लसूण मसाल्याला आमच्या कोल्हापूरकडं चटणीच म्हणतात. इडलीबरोबरची ती निराळी.) जावेला फोनवर सांगता सांगता इतकं झालं की म्हटलं, लिहूनच टाकावं.

लिज्जतची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली आहे. 15 मार्च 1959ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी जमल्या, 80 रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं केली. माल घेणारा ओळखीचा व्यापारी भुलेश्वरात होता, हे मेसेजमध्ये नाही. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं, हेही नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हाही सगळीकडे 80 रुपयेच फिरत होते. मला विचाराल तर त्या गोष्टीत शिकण्यासारखी आहे ती खाट. आमच्याकडं जूनच्या पहिल्या सरीआधी मिरची वाळवून, कुटून आत गेली नाही, तर वर्षभराचा माल दमट राहतो आणि दिवाळीपर्यंत पाकिटात गाठी धरतात.

प्रायव्हेट लिमिटेडचा सल्ला ज्यानं लिहिला, त्यानं मिरचीचं देठ कधी मोडलेलं नसावं. कंपनी काढली की रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी सीएकडून ऑडिट करून घ्यावं लागतं आणि विवरणपत्रं भरावी लागतात. उशीर झाला तर एकेका विवरणपत्राला दिवसाला 100 रुपये दंड चढतो. एकटीच्या धंद्याला प्रोप्रायटरशिप पुरते. तुमचं पॅन, तुमचं नाव आणि बँकेत चालू खातं. बँक खातं उघडताना कागद मागते, त्यासाठी शॉप ॲक्टची सूचना ऑनलाइन द्यायची. 2017च्या कायद्यापासून मोजकीच माणसं कामाला असलेल्या दुकानाला ‘लायसन’ नाहीच, नुसती सूचना आहे, तरी सगळे अजून लायसनच म्हणतात. लोगोसुद्धा घरचाच पुरतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या पाकिटावर भाच्यानं काढलेली मिरची होती आणि ती वांग्यासारखी दिसायची.

आता परवान्याची पायरी. इथं मेसेज नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. ‘उद्यम’ ही नोंदणी आहे, परवाना नव्हे. ती जुलै 2020पासून आहे, आधार आणि पॅनवर होते आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो का तेवढं बघायचं. 2,999 रुपये घेणारा तुमच्या वतीनं तोच फॉर्म भरतो.

आणि खाण्याची वस्तू विकायची तर घरगुती असो की कारखान्याची, 2006च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेकडे नाव लागलंच पाहिजे. लहान उत्पादकाला मोठं लायसन नको, साधी नोंदणी होते. मी वर्षाला 100 रुपयांनी पाच वर्षांची एकदम भरली होती. 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. तो नसेल तर बरा दुकानदार पाकीट फळीवर ठेवत नाही आणि तपासणीला कुणी आलंच तर ‘घरगुती आहे हो’ म्हणून सुटका होत नाही.

पाकिटावर आणखी काय हवं, हे सहा पायऱ्यांत कुठंच नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कधी बनवलं तो महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन. हे वैधमापनवाल्यांचे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचे, 2011चे नियम. माझी पहिली 200 पाकिटं घेऊन मी एका दुकानात गेले. दुकानदारानं एक उचललं, काट्यावर ठेवलं. बरोबर 200 ग्रॅम. मी खूश. मग त्यानं काही न बोलता माझ्या पिशवीतलं एक रिकामं पाउच काढून काट्यावर ठेवलं. 6 ग्रॅम. म्हणजे चटणी 194च. ‘काकी, प्लास्टिकपण कुटून घातलंय व्हय?’ 200च्या 200 पाकिटं घरी आणून फोडली. माझा काटा तर स्वयंपाकघरातला, ऑनलाइन मागवलेला. धंद्याला तो चालत नाही. वैधमापनचा शिक्का असलेला काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी त्यांच्याकडून तपासून, म्हणजे पासिंग करून घ्यावा लागतो.

40 लाखांच्या आत जीएसटी नाही, हे महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला लागू आहे, पण राज्याच्या हद्दीपुरतं. कागलहून कर्नाटकातलं निपाणी हाकेच्या अंतरावर, आमचे निम्मे पाहुणे तिकडचे. तिकडची बाई कागलला येऊन पाकीट घेऊन गेली तर प्रश्न नाही. तिनं फोनवर मागितलं आणि तुम्ही निपाणीला पार्सल केलं, की तो आंतरराज्य पुरवठा झाला. मसाल्यावर 5 टक्के कर आहे, त्यामुळं अशा वेळी पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची. पणजीला पाठवा, बेळगावला पाठवा, तेच. छोट्यांसाठी विक्रीवर सरसकट 1 टक्का कर भरायची कंपोझिशन योजना आहे, तिच्यातही राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. गंमत बघा, नुसते पापड करत असाल तर पापडाला जीएसटीच नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही नाही. लिज्जतचं उदाहरण देऊन मसाला विकायला सांगणाऱ्यानं एवढा तरी फरक सांगायचा. जीएसटी नंबर घेतला की महाराष्ट्रात वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर मागोमाग येतो, तोही धरून चाला.

मुद्राचं थोडक्यात. 2015पासूनची योजना, शिशु गटात 50 हजारांपर्यंत, विनातारण. इथवर मेसेज बरोबर. बिनव्याजी मात्र अजिबात नाही. पैसे बँकेचे, व्याज बँकेचं, द्यायचं की नाही तेही बँक ठरवते. 35 टक्क्यांची गोष्ट पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम) सारख्या दुसऱ्या योजनांतून उचलून इथं चिकटवली आहे. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या बाईला नव्या उद्योगासाठी 35 टक्के अनुदान असतं, पण ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, उद्योग चालू दिसला तर मग कर्जात वळतं होतं. आणि ‘कर्ज मंजूर, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, तर ते उघडून बघत बसू नका.

राहिला नफा. मेसेजचेच आकडे घेऊ. 100 किलोला किलोमागे 300 रुपयांचा कच्चा माल, म्हणजे 30 हजार. मग ‘दहा हजारांत उद्योग’ कसा? दहा हजारांत 33 किलो होईल. बरं, 300मध्ये काय काय धरलंय? डंकावर कुटायची मजुरी, गॅस, तेल, पाउच, लेबल, कांदा चिरायला बोलावलेल्या दोघींची हजेरी, हे माझ्याकडं किलोला 80च्या खाली कधी आलं नाही. झाले 380. दुकानदार 600च्या पाकिटांवर 20 टक्के ठेवतो, तुम्हाला 480 मिळतात. राहिले 100. त्यातून रिक्षा, नमुन्याला वाटलेली पाकिटं, रंग उतरला म्हणून परत आलेला माल, असे 20 वजा करा. 80 रुपये किलो, 100 किलोला 8 हजार. तुमची स्वतःची मजुरी त्यातच. 10 किलो मिरची घेतली तर देठ काढून, ऊन देऊन 10 किलो उरत नाही, हे तर मी धरलंच नाही.

आणि हे 8 हजारही त्या महिन्यात येत नाहीत. मिरची हंगामात रोखीनं घ्यायची, दुकानदार पैसे देणार ‘पुढच्या फेरीला’. ‘उद्यम’चा खरा उपयोग इथं आहे. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006चा कायदा सांगतो. मी एकदा एका दुकानदाराला हे सांगून बघितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पैसे दिले आणि पुढच्या महिन्यात त्याच्या फळीवर दुसरीची चटणी होती. तेव्हापासून मी नव्या दुकानात पाच पाकिटांपेक्षा जास्त माल टाकत नाही. मागचे पैसे आले की पुढची पाच.

जावेनं एवढं सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे करू नको म्हणतेस.’ तसं नाही म्हटलं मी. तिला पाच किलो कर म्हटलं, उसनी-पासनी न वाटता विकून बघ. तिनं केली. साडेतीन किलो गेली, त्यातले दोन किलोचे पैसे आलेत. उरलेल्या दीड किलोत मीठ जास्त झालंय, ते तिलाही कळलंय. नोंदणीचा फॉर्म भरून झालाय. आता माझा काटा पासिंगला निघालाय, त्याच रिक्षात तिचा नवा काटाही चाललाय.