चूक झाल्यानंतरचे तीस सेकंद

जिल्हा निवड चाचणी जवळ आली की आमच्या कबड्डीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. वर वाघाचा फोटो, खाली चार वाक्यं. खरा खेळाडू घाबरत नाही. चुकला की चारचौघांत झापा, पेटून उठेल. ‘आपणच जिंकणार’ हे रोज शंभर वेळा म्हणून घ्या. आणि ज्याच्यात मुळात दम नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका.

या वेळी तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक पालकांकडून, ‘सर, मुलींना वाचून दाखवा’ अशा विनंतीसह. वाचून दाखवला नाही. का, ते सांगतो.

आधी भीतीचं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. त्या चढाईला उठणाऱ्या मुलीला टाळी देऊन पाहा. मे महिन्यातही तळवा गार लागतो. यात कमकुवतपणा काही नाही. २००२ साली ग्रॅहम जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या दहा खेळाडूंना विचारून मानसिक कणखरपणाची लक्षणं काढली. त्यात एक होतं: स्पर्धेत धाकधूक होणारच हे मान्य असणं आणि ती आपल्याला झेपेल हे ठाऊक असणं. मुलीला ‘घाबरायचं नाही’ म्हटलं की तिला एकाऐवजी दोन भीत्या सांभाळाव्या लागतात. त्यापेक्षा काम द्यावं: आधी उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूला हलव, मग डाव्या कव्हरचा, म्हणजे कोपरा आणि मध्य यांच्यामधल्या बचावपटूचा, पाय बघ. डोक्याला काम मिळालं की हात गारच राहतात, पाय मात्र चालतात.

झापण्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण हा गुन्हा मी स्वतः केलाय. एका सामन्यात आमची डावी कोपरारक्षक घोट्यावर झेपावली, पकड निसटली, गुण गेला. मी बाकावरून तिचं नाव घेऊन ओरडलो. सगळ्या मैदानानं ऐकलं. पुढच्या पाच चढायांत ती जागची हलली नाही. समोरच्या संघातल्या चढाई करणारीनं ते लगेच ओळखलं. तिच्याच बाजूनं बोनस रेषा ओलांडून निवांत जादा गुण घेऊ लागली. आमच्या मुलीची शेजारणीशी हात धरून केलेली साखळी सुटली, मग कव्हर एकटी पुढे जायला लागली आणि बाद होऊ लागली. थोड्याच वेळात सगळ्या बाद होऊन आमच्यावर लोण चढला. पकडीचा निर्णय क्षणात घ्यायचा असतो. त्या क्षणी डोक्यात ‘सर काय म्हणतील’ असेल, तर तो घोटा पुढे निघून गेलेला असतो. कुणी पेटून वगैरे उठलं नाही.

क्रिकेटचा दाखला देणं आम्हा कबड्डीवाल्यांना जरा जड जातं, पण इथे दुसरा चालणार नाही. डिसेंबर २०२०. ॲडलेडला अजिंक्य रहाणेच्या कॉलवर विराट कोहली ७४ वर धावबाद झाला आणि दुसऱ्या डावात भारत ३६ मध्ये गारद. पुढच्या मेलबर्न कसोटीत कोहली नव्हता, रहाणे कर्णधार. तो ११२ वर होता, जडेजा ४९ वर. अर्धशतकाच्या त्या एका धावेच्या नादात रहाणे धावबाद झाला. चिडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं आणि मग तंबूकडे निघाला. जडेजानं ५७ केल्या, सामना आपण आठ गडी राखून जिंकलो. एका थोपटण्यानं कसोटी जिंकली असं मी म्हणणार नाही. पण सहकारी चुकला की कप्तान काय करतो, हे बाकीच्या दहा जणांनी पाहिलं.

कबड्डीत चढाई तीस सेकंदांची. म्हणजे चूक झाली की लगेच पुढची परीक्षा दारात उभी. तेवढ्यात शेजारची काय बोलते, ते आम्ही आता सरावात ठरवून घेतो: ‘पुढची’, एवढाच शब्द. शिस्त मी सोडलेली नाही. उशिरा येणारीला आजही मैदानाला चकरा माराव्या लागतात.

‘आपणच जिंकणार’चं काय होतं? १९९० पासून एशियाडमधलं पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत इराणनं हरवलं. उलट २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात पहिलाच सामना भारत कोरियाकडून ३२-३४ असा हरला, अंतिम सामन्यात मध्यंतराला इराणच्या मागे होता, तरी ३८-२९ असा जिंकला. पिछाडीवर असताना जप कामाचा नसतो, तिथून बाहेर कसं पडायचं हे आधी करून पाहिलेलं असावं लागतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: स्वतःवरच्या विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेली गोष्ट, दुसऱ्यानं दिलेला धीर त्याहून कच्चा. म्हणून आमचा सराव बऱ्याचदा शेवटापासून सुरू होतो. दोन मिनिटं उरलीत, आपण तीन गुणांनी मागे, मैदानात आपल्या तिघीच. तिघींनी पकड केली की सुपर टॅकलचे दोन गुण. मुली यात बहुतेक वेळा हरतात. हरू देत.

‘मुळात दम नाही’वाल्या वाक्याला फार जागा देत नाही. वर सांगितलेली कोपरारक्षक मला त्या दिवशी तशीच वाटली होती. पुढच्या हंगामात आमच्या सर्वाधिक पकडी तिच्याच होत्या.

त्या पालकांना उत्तर पाठवलंय: सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर या. शेवटच्या दोन मिनिटांचा सराव आहे, गुणफलक सांभाळायला माणूस हवाय.