९७ टक्के अचूकता कुठली?

ढेकूण हुंगून शोधणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांवरच्या एका लेखात त्यांची अचूकता ९७ टक्के दिली आहे. तो आकडा फ्लोरिडा विद्यापीठाच्या २००८ मधल्या नियंत्रित चाचणीचा. त्या कुत्र्यांनी जिवंत ढेकूण आणि अंडी ही मेलेले ढेकूण, कात, विष्ठा यांपासून वेगळी ओळखली, हे खरंच थक्क करणारं आहे! पण अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली राहत्या फ्लॅटांमध्ये अशीच कुत्री तपासली, तेव्हा ढेकूण असलेली सरासरी ४४ टक्केच घरं सापडली. शिवाय ढेकूण नसलेल्या सरासरी १५ टक्के घरांतही कुत्र्यांनी खूण दिली. हे लेखात यायलाच हवं होतं. घरात लहान मुलं असतात हो! कुत्र्याने बसून खूण दिली म्हणून लगेच औषध फवारून घेऊ नका; आधी गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे उघडून ढेकूण डोळ्यांनी बघा.