‘घरचाच डेटा आहे’ म्हणून एफ-स्ट्रिंग?

एक सल्ला सगळीकडे फिरतोय: पायथन स्क्रिप्टमध्ये कोणता कॉलम भरायचा हे ऐनवेळी ठरत असेल, तर प्लेसहोल्डर (क्वेरीत व्हॅल्यूसाठी राखलेली जागा) चालत नाही, अख्खी अपडेट क्वेरी एफ-स्ट्रिंगने (व्हेरिएबल थेट मजकुरात मिसळणारी पायथनची स्ट्रिंग) जुळवा. डेटा घरचाच असेल तर कसला धोका?

यातलं अर्धं खरं आहे. एस्क्यूलाइट या डेटाबेसमधलं प्रश्नचिन्ह, म्हणजेच प्लेसहोल्डर, फक्त व्हॅल्यूची जागा घेतं, कॉलमच्या नावाची नाही. पण त्यावरून ‘अख्खी’ कुठून आली? नाव तेवढं एफ-स्ट्रिंगने घाला, तेही आधी परवानगीच्या यादीत आहे का हे बघून. व्हॅल्यू प्रश्नचिन्हातूनच जाऊ द्या.

आता घरचा डेटा. हॅकर बाजूला ठेवू. वसईतल्या एखाद्या सोसायटीची यादी घ्या. डिसोझा रोमन लिपीत लिहिताना डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते, तिथेच स्ट्रिंग संपते आणि क्वेरी कोसळते. ही चूक बरी, निदान बोंब तरी मारते. तारखेला अवतरणचिन्हं घालायची राहिली तर एस्क्यूलाइट २०२४-०१-०५ ही वजाबाकी समजतं आणि मुकाट २०१८ साठवतं. अवतरणचिन्हं घातलीत आणि व्हॅल्यू ‘नन’ (पायथनमधलं ‘काहीच नाही’) असेल, तर कॉलम रिकामा राहत नाही. त्यात ‘नन’ हा शब्दच जाऊन बसतो. मग नल, म्हणजे रिकाम्या जागा, शोधणाऱ्या क्वेरीला त्या ओळी सापडत नाहीत. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

‘एफ-स्ट्रिंग वेगवान’ हेही उलटंच. पायथनचं एस्क्यूलाइट मॉड्यूल तयार क्वेऱ्या जपून ठेवतं, आवृत्ती ३.१० पासून १२८. मजकूर दरवेळी बदलला की त्या साठ्याचा उपयोग शून्य.

‘आम्ही जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरतो, डिक्शनरीवर लूप फिरवून सेटअॅट्र (नाव देऊन ऑब्जेक्टचा अॅट्रिब्यूट भरणारं फंक्शन) केलं की झालं,’ असंही सांगतात. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं तर? ऑब्जेक्टला नवा अॅट्रिब्यूट चिकटतो, सेव्ह बिनतक्रार चालतं, टेबलात काहीच बदलत नाही. क्वेरीसेटच्या (जँगोतल्या ओळींच्या संचाच्या) अपडेटला तीच डिक्शनरी दिली तर ते लगेच एरर फेकतं. आणि डिक्शनरी वेबफॉर्ममधून जशीच्या तशी आली असेल, तर कुणीतरी त्यात सगळे अधिकार देणारं सुपरयूजरचं फील्डही घालून पाठवील. परवानगीची यादी इथेही लागतेच.

राहिलं ‘कॉलमच्या नावाला दुहेरी अवतरण घाला, सुरक्षित’. क्वेरीच्या अटीत, म्हणजे वेअरमध्ये, असं अवतरणातलं कॉलमचं नाव चुकलं, तर एस्क्यूलाइट सहसा ते साधा मजकूर धरून तुलना करतं. शून्य ओळी बदलतात, एरर नाही. म्हणून अपडेटनंतर मी रोकाउंट, म्हणजे बदललेल्या ओळींची संख्या, छापतो.