आयपॅड आणि वॉलहॅक एकच? सर्वेशच्या कॉमेंटला उत्तर

सर्वेश, 'दादा' म्हणून सुरुवात केलीस आणि चौथ्या ओळीत मला 'फायबरवालो शेट' (फायबर नेटवाला श्रीमंत) करून टाकलंस, बरं असो. तुझं म्हणणं असं, की मागच्या पोस्टमध्ये मी पबजीसारख्या मोबाइल शूटर गेममध्ये हॅक लावून खेळणाऱ्यांना झोडपलं पण आयपॅडवाल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तू तिकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जुन्या फोनवर खेळतोस, पावसात लाईट गेली की टॉवर पण जातो, पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या वर, मग तू वॉलहॅक (भिंतीपलीकडचे शत्रू दाखवणारा हॅक) लावलास तर ती चीटिंग नाही, फक्त बरोबरी.

अर्धं मला मान्यच आहे रे. आयपॅडची स्क्रीन चौकोनी, त्यामुळे वरखाली जास्त मैदान दिसतं, वर 90 एफपीएस (सेकंदाला 90 चित्रं, म्हणजे हालचाल न अडखळता दिसते), हा पैशाचा फायदा आहे आणि तो अन्यायच आहे. पबजी मोबाइलने एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर मोबाइल गेम चालवणारं सॉफ्टवेअर) माऊस-कीबोर्ड घेऊन खेळणाऱ्यांना वेगळ्या लॉबीत, म्हणजे सामन्याच्या वेगळ्या गटात टाकलं, मग टॅबलेटवाल्यांना का नाही, हे कंपनीला विचारायला मी तुझ्यासोबत आहे.

पण वॉलहॅकमध्ये आयपॅडवाले तेवढे वेगळ्या रंगात दिसतात काय? लॉबीत 100 जण. त्यातले कितीतरी तुझ्यासारखेच, कोणी काणकोणात आजीच्या घरी छपराखाली रेंज शोधत बसलेला, कोणी क्रॅक स्क्रीनवाला. भिंतीमागून तू त्यालाच मारतोस. आयपॅडवाला निदान झाडामागचं बघू शकत नाही, तू बघतोस.

आता पिंग, कारण यात गंमत आहे. बऱ्याच शूटर गेममध्ये सर्व्हर तुझी गोळी तपासताना थोडा वेळ मागे जातो, म्हणजे तू ट्रिगर दाबलास तेव्हा तुझ्या स्क्रीनवर समोरचा कुठे होता ते बघतो आणि तिथे लागली असेल तर लागली धरतो. ही सोय स्लो नेटवाल्यासाठीच केलेली. म्हणून कधीकधी आपण भिंतीमागे पोचलो तरी मरतो आणि शिव्या घालतो, तो मारणारा बहुतेक तुझ्यासारखाच लॅगवाला असतो 😄 आणि लॅग स्विचवाले मुद्दाम नेट तोडून-जोडून हीच सोय वापरतात. म्हणजे तुझ्यासाठी ठेवलेली सवलत ते खातात, आणि लोक वैतागून 'हाय पिंगवाल्यांना काढा' म्हणायला लागतात. यात नुकसान कोणाचं?

वॉलहॅक चालतो तो पण नेटला लागणाऱ्या या उशिरामुळेच. तू झटकन वळलास तर समोरचा लगेच दिसायला हवा, म्हणून त्याची जागा आधीच तुझ्या फोनला कळवलेली असते, गेम फक्त ती दाखवत नाही. हॅक ती उघडी करतो. व्हॅलोरंट या शूटर गेमने यावर उपाय म्हणून शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा पाठवायचीच नाही असं केलं, तरी एमबॉटवाले (आपोआप नेम धरणारा हॅक लावणारे) राहिलेच, कारण एमबॉटला भिंतीपलीकडचं लागत नाही, समोरचं डोकं पुरे.

आणि 'गरिबाचं हत्यार' हे तर सोडच. चांगले हॅक फुकट नसतात, दिवसाची, आठवड्याची, महिन्याची 'की' (हॅक चालू करायचा कोड) विकतात, फुकटवाली मॉड एपीके (कोणीतरी फेरफार केलेली गेमची फाइल) टाकलीस तर अकाउंट जायची पण तयारी ठेव. 2018 मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची लॅन स्पर्धा होती, म्हणजे सगळे एका हॉलमध्ये, ना पिंगचं रडगाणं ना टॉवरचं. तिथे ऑप्टिक इंडिया टीमच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर 'वर्ड.एक्सई' नावाने लपवलेला नेम धरून देणारा हॅक सापडला. अख्खी टीम स्पर्धेबाहेर, मग टीमच बंद. बाकीच्या चौघांनी काय पाप केलं होतं? त्यानंतर कितीतरी वर्षं भारतातला पोरगा बाहेर चांगला खेळला की चॅटमध्ये 'वर्ड.एक्सई' यायचंच. बरोबरी नव्हती म्हणून केलं असं त्याच्याबद्दल म्हणशील?

2019 मध्ये आपल्याच गोव्याच्या आयटी मंत्र्यांनी पबजीला घराघरातला राक्षस म्हटलं तेव्हा आपण सगळे घरात भांडलो होतो ना, की हा टाइमपास नाही, यात स्किल लागतं म्हणून. मग आता स्किलच नको म्हणतोस ते आईला कसं सांगणार 😛

तू सध्या ग्राफिक्स स्मूथवर टाक, लांबच्या मारामारीत पडू नको, जवळ जाऊन खेळ. चवथीच्या सुट्टीत मी रूम कार्ड (आपला खासगी सामना लावायचं गेममधलं कार्ड) टाकतो, कस्टम लॉबी लावू, फक्त फोनवाले, टॅबलेट दिसला की किक. सत्तरीतली तुझी पोरं घेऊन ये. पण हॅक काढून ये, तुझा आयडी आता माझ्याकडे आहे.