आठ दिवसांत सात शहरं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

जपानच्या पहिल्या सहलीचा मी दिलेला आराखडा (टोकियो २ रात्री, क्योटो ४, नारा ३, कोयासान या डोंगरावरच्या देवस्थानी १) तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही ते सविस्तर, खरमरीत लिहिलंत. दोन ओळींत बोळवण करणं बरं नव्हे, म्हणून हे लांबलचक उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तेवढ्याच पैशांत टूरवाले आठ दिवसांत सात शहरं फिरवतात, मग नारासारख्या लहान गावात तीन रात्री कशाला? ओसाकाचा किल्ला आणि हिरोशिमा गाळलं. रेल्वे पासचं नावही नाही. देवळाच्या धर्मशाळेत एका रात्रीला एवढे पैसे कोण देतं? आणि मुख्य म्हणजे, 'तिथली निम्मी देवळं जळून पुन्हा बांधलेली, मग त्यात इतिहास तो काय?' शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन निघालाय आणि तिघंही शाकाहारी आहात.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण सगळा आराखडा त्यावरच उभा आहे.

देवळं जळाली हे खरंच आहे. क्योटोचं सोनेरी किंकाकु-जी १९५० साली तिथल्याच एका तरुण भिक्षूने पेटवलं; आज दिसतं ते १९५५चं. टोकियोच्या सेन्सो-जीचं मुख्य देऊळ १९४५च्या बॉम्बहल्ल्यात गेलं; आजचं १९५८चं आणि काँक्रीटचं. नाराचं तोदाई-जी दोनदा जळालं, ११८० आणि १५६७ मध्ये. आजचं सभागृह १७०९चं, मूळचं याच्या दीडपट रुंद होतं. पण मग ओसाकाच्या किल्ल्याचा आग्रह कसा काय? त्याचा बुरूज १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलाय, आत लिफ्ट आहे. हिदेयोशी या सत्ताधीशाचा किल्ला १६१५ मध्ये पडला, त्यानंतरच्या तोकुगावा राज्यकर्त्यांनी उभारलेला बुरूज १६६५ मध्ये वीज पडून जळाला. तिथे जुनं पाहायचंच तर तटाचे अजस्र दगड पाहा, ते तोकुगावांच्या काळातले आहेत. लाकडी किल्लाच हवा असेल तर हिमेजीला जा. मुख्य बुरूज १६०९चा, युद्धातूनही वाचलेला, क्योटोहून शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) तासाभराच्या आत. आतले जिने मात्र उभे आणि गुळगुळीत आहेत, आई-बाबांना बाहेरच्या अंगणातच बसवा.

आता तोदाई-जी. इथली कांस्याची महाबुद्धमूर्ती ७५२ साली प्रतिष्ठापित झाली. डोळे रेखण्याचा मान भारतातून ७३६ साली तिथे पोहोचलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब निळा दोर बांधला होता आणि जमलेल्यांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. ११८० मध्ये देऊळ जळालं, मूर्ती वितळली. दुरुस्तीनंतर ११८५ मध्ये पुन्हा डोळे रेखायची वेळ आली, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी कोठारातून बोधिसेनाचाच कुंचला काढून वापरला. चारशे तेहेतीस वर्षांनी! तो कुंचला आणि तो दोर आजही देवळामागच्या शोसोइन या कोठारातल्या संग्रहात आहेत. भिंती जळतात, कुंचला मात्र जपून ठेवायचा आणि वेळ आली की नेमका तोच काढायचा, हा जपानचा इतिहास आहे. तो पाहायला बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा बसमध्ये चढलं तर काय हाती लागणार?

आणि तुम्ही जाताय ती वेळ तर नारासाठी नामी आहे. शोसोइन एरवी बाहेरूनच दिसतं. पण दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातल्या सुमारे नऊ हजार वस्तूंपैकी साठेक वस्तू नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. सम्राट शोमु वारल्यावर सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ मध्ये त्यांच्या वस्तू महाबुद्धाला वाहिल्या, तिथून हा संग्रह सुरू झाला. त्यात ७५२च्या सोहळ्यातल्या नाचाचे लाकडी मुखवटे आहेत, गरुडाचा आहे, ब्राह्मणाचासुद्धा आहे. पाच तारांचं एक बिवा वाद्य आहे, त्यावर शिंपल्याच्या जडावात उंटावर बसलेला वादक. कोणत्या वर्षी काय निघेल ते आधी जाहीर होतं. तिकिटं ठरावीक वेळेची, आगाऊ काढावी लागतात, दारात मिळत नाहीत असं धरूनच चाला.

नाराचा दुसरा अख्खा दिवस होर्यु-जीसाठी. रेल्वेने दहा-बारा मिनिटं, पुढे वीस मिनिटं पायी किंवा बस. देऊळ ६०७चं, ६७० मध्ये जळालं, आणि त्यानंतर जे बांधलं ते उभं आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. पाच मजली पॅगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४च्या सुमारास तोडलेलं आहे, हे लाकडातल्या वलयांवरून कळलंय. तुमच्या 'सगळं नवंच' या म्हणण्याला एवढा एक खांब पुरे! पॅगोड्याच्या तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, जाळीतून आत डोकवा. पहिल्यांदा नुसता अंधार दिसतो. मग हळूहळू मातीच्या छोट्या मूर्ती दिसू लागतात: बुद्ध आडवा झालेला आणि भोवती शिष्य, कोणी ऊर बडवतोय, कोणी मान मागे टाकून, तोंड वासून रडतोय. ७११ सालचं काम. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहिली असेल तर इथे पाय निघत नाही. लोक मात्र वर मजले मोजत पुढे जातात.

अजिंठ्याशी याचं नातं एवढ्यावर संपत नाही. इथल्या मुख्य दालनातली भित्तिचित्रं आणि अजिंठ्याची चित्रं यांची तुलना अभ्यासक फार पूर्वीपासून करत आलेत. अजिंठ्याच्या लेण्यांत बसून नकला करणारे चित्रकार अराई कांपो यांनीच पुढे या भिंतींच्या नकलांचंही काम हाती घेतलं. ते काम चालू असतानाच्या काळात, २६ जानेवारी १९४९ला, दालनाला आग लागली आणि चित्रं करपली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला. आजही दर २६ जानेवारीला देशभरच्या देवळांत आग विझवण्याची कवायत होते. दालनात आता दिसतात त्या १९६८मधल्या प्रतिकृती. हो, इथेही प्रतिकृतीच. पण त्या का आहेत हे माहीत असलं की बघणं बदलतं.

हिरोशिमा गाळलं कारण तिथल्या संग्रहालयातून बाहेर पडून लगेच गाडी पकडावी, असं मला कुणालाही सुचवायचं नाही. एक रात्र देता येत असेल तर जरूर जा, नारातली एक कमी करा. टूरवाल्यांसारखं जेवण आणि हिरोशिमा एका दुपारी उरकू नका.

रेल्वे पासचं गणित सोपं आहे. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. विमानाने टोकियोला उतरायचं आणि परतीचं ओसाकाहून घ्यायचं, म्हणजे हा लांबचा प्रवास एकदाच होतो. क्योटो-नारा तर हजार येनच्या आत, आणि कोयासानची गाडी खाजगी नानकाइ रेल्वेची, तिथे हा पास चालतच नाही. हिमेजी धरूनही पास महागातच पडतो.

टोकियोला दोनच रात्री, पण त्यातला अर्धा दिवस उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला. होर्यु-जीने १८७८ मध्ये राजघराण्याला दिलेल्या तीनशेहून अधिक वस्तूंचं तिथे वेगळं दालन आहे. सोमवारी बहुधा बंद असतं, दिवस बघून जा. सेन्सो-जीला जालच, तर गर्दीतून बाहेर पडून दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन गाठा. इथला कांगितेन म्हणजे आपला गणपती. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, तेव्हा बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते दर्शनासाठी रांग शोधत बसतील.

कोयासानची रात्र महाग आहे, माणशी पंधरा हजार येनपासून पुढे. पण त्यात रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरलेली असते, आणि तिघा शाकाहारी माणसांना अख्ख्या सहलीत निर्धास्त पोटभर जेवण मिळण्याची हीच हमखास जागा आहे. जपानमध्ये भाजीवर मांस दिसत नाही म्हणून ती शाकाहारी होत नाही. साध्या उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्शात आणि मिसो सूपमध्येसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. देवळातल्या जेवणात तो नसतो, कांदा-लसूणही नसतो. लाल तबकात तिळाचं तोफू येतं: तीळ वाटून, गाळून, कुडझू नावाच्या वेलीच्या कंदाच्या सत्त्वात घोटून पाडलेली वडी, वर वासाबीचा ठिपका. जेवण साडेपाच-सहालाच वाढतात, उशीर चालत नाही.

कूकाई या बौद्ध भिक्षूंनी ८१६ मध्ये वसवलेलं हे ठिकाण. ८३५ पासून ते इथल्या ओकुनोइन या समाधिस्थानी ध्यानस्थ बसले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. आळंदीच्या संजीवन समाधीपुढे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं होतं.

आई-बाबांसाठी काही गोष्टी. कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर, नोव्हेंबरात रात्री कडाक्याची थंडी. झोपायचं जमिनीवरच्या गादीवर असतं, म्हणून बुकिंग करतानाच खुर्ची आणि खोलीलगतचं स्वच्छतागृह मागा, काही धर्मशाळांत मिळतं. मोठ्या बॅगा कोयासानच्या आधीच्या हॉटेलातून ताक्क्युबिनने (सामान पोहोचवणाऱ्या कुरियरने) थेट विमानतळावर पाठवा, कोयासानला पाठीवरच्या पिशवीतच भागवा. क्योटोत फुशिमी इनारीचा डोंगर पूर्ण चढू नका. त्याऐवजी सान्जूसान्गेन-दो हे देऊळ: सपाट, छपराखाली, १२० मीटर लांब दालनात करुणेची देवता कान्नोन हिच्या १,००१ मूर्ती. ३ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी नारात शोसोइनचं प्रदर्शन टाळा.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच कळवा. आधी कोयासानची खोली आणि प्रदर्शनाची तिकिटं, क्योटोची हॉटेलं त्यानंतर.